गाडीतला लोकांचा वाटा

गाडीत जे काही बसवलेलं असतं त्यातलं बहुतेक मालकासाठी असतं. सीट, एसी, एअरबॅग, म्युझिक सिस्टीम यांचा उपयोग आत बसलेल्याला. मोजके भाग मात्र बाहेरच्यांसाठी असतात: मागचे लाल दिवे, वळण दाखवणारे दिवे, धुरातलं विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर. त्यांचे पैसे मालक भरतो आणि फायदा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला होतो. कंपनीचा सायलेन्सर काढून त्या जागी बाजारातला ‘परफॉर्मन्स’ सायलेन्सर बसवण्याच्या हौसेचं समर्थन सहसा एकाच वाक्यात केलं जातं, ‘गाडी माझी, पैसे माझे’. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. गाडी तुमची असेल, पण सायलेन्सर हा त्या गाडीत लोकांसाठी राखलेला वाटा आहे. तो काढायचा हक्क पैसे भरल्यानं मिळत नाही.

उज्जैनच्या टावर चौकात हा प्रश्न रोज संध्याकाळी कानावर येतो. ज्यांनी हा चौक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेल्वेच्या रुळांनी या शहराचे दोन भाग केले आहेत. एकीकडे महाकाल, गोपाळ मंदिर आणि जुन्या पेठा. दुसरीकडे शिंदे संस्थानच्या काळात आखून वसवलेलं फ्रीगंज, म्हणजेच माधवनगर. त्याच्या मधोमध घड्याळाचा मनोरा आहे आणि चौकाचं नाव त्यावरूनच पडलं. संध्याकाळी इथे खाण्याच्या गाड्या लागतात, घरंच्या घरं फिरायला येतात. भारतानं क्रिकेटचा मोठा सामना जिंकला की पोरं तिरंगे घेऊन धावतात तीही इथेच. माणसं एकमेकांना बघायला आणि स्वतःला दाखवायला येतात अशी प्रत्येक गावात एक जागा असते, उज्जैनची ती ही. म्हणूनच ज्याला आपल्या गाडीचा आवाज ऐकवायचा आहे तो निर्मनुष्य देवास रोडवर न थांबता इथे येतो, गर्दीत पहिल्या गिअरवर ॲक्सिलरेटर दाबतो आणि वळसा घालून परत येतो. फ्रीगंजचे रस्ते सरळ आखलेले आहेत आणि दोन्ही बाजूंना इमारती एकमेकींना लागून उभ्या आहेत. आवाज मोकळ्यावर विरून जात नाही, समोरासमोरच्या भिंतींवर आपटत राहतो.

आधी बुलेटवाल्यांचाच हा शौक होता. त्यांच्या बाजारात माळव्याचं नावही लागलेलं आहे. ‘पंजाब’, ‘डॉल्फिन’, ‘मेगाफोन’ या नमुन्यांच्या जोडीला ‘इंदोरी’ नावाचाही एक सायलेन्सर देशभर विकला जातो आणि आपलं इंदूर इथून पंचावन्न किलोमीटरवर. आता तीच हौस मोटारींत आली आहे. स्विफ्ट, पोलो, थार, कोणतीही गाडी असो, कोणी फक्त मागचा डबा बदलतो, कोणी मधला रेझोनेटर कापून सरळ नळी जोडतो, कोणी कन्व्हर्टरपासून पुढचं सगळंच नवं टाकतो. दुकानात त्याला ‘फ्री फ्लो’ म्हणतात आणि सोबत तीन आश्वासनं देतात: पिकअप वाढेल, इंजिन मोकळा श्वास घेईल, आवाज भारी येईल. यातलं तिसरं पूर्ण खरं असतं. पहिल्या दोनांची शहानिशा करण्यासाठी हा डबा करतो काय ते पाहायला हवं.

सिलिंडरमधला जळालेला वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाच्या धक्क्यानं बाहेर पडतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत असे दोन धक्के. मिनिटाला 3000 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 100 धक्के, आणि तेवढ्याच कंप्रतेचा जाड सूर. एका सिलिंडरच्या बुलेटमध्ये तेवढ्याच फेऱ्यांना सेकंदाला फक्त 25, म्हणून तिचे ठोके सुटे ऐकू येतात. हे धक्के दोन प्रकारे शमवता येतात. डब्यात कप्पे आणि नळ्या अशा मापानं बसवायच्या की परत फिरलेली लाट येणाऱ्या लाटेला छेद देईल. किंवा भोकं पाडलेल्या नळीभोवती काचेची लोकर गच्च भरायची, म्हणजे आवाजाची शक्ती त्या तंतूंत शिरून उष्णतेत जिरते. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये बहुधा दोन्हींचा मेळ असतो. बाजारातल्या पुष्कळ डब्यांत केवळ दुसरा प्रकार असतो, आणि स्वस्त मालात ती लोकर काही महिन्यांत जळून उडून जाते. बुलेटच्या आवाज वाढवलेल्या सायलेन्सरमध्ये तर आतली जाळीच काढलेली असते. धावत्या गाडीचं इग्निशन क्षणभर बंद करून पुन्हा सुरू केलं की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत पेटतं आणि बंदुकीसारखा बार निघतो. रस्त्यावरची म्हातारी माणसं दचकतात ती याच बारानं.

मोटारीचा इतिहास आणि ती शांत करण्याचा इतिहास जवळजवळ एकाच वयाचे आहेत. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी मफलरचं पेटंट घेतलं ते 1897 साली. रस्त्यावर मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या असतानाच, हे यंत्र लोकांत न्यायचं तर त्याचा आवाज आधी आवरला पाहिजे हे त्यांना दिसलं होतं. तेव्हापासून या एका डब्यावर अभियंत्यांच्या पिढ्या खपल्या आहेत. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर 1966 पासून काम करणाऱ्या एआरएआय या संस्थेत गाड्यांचा आवाज मोजला जातो. गाडी ठरावीक वेगानं येते, ठरलेल्या रेषेवर चालक ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतो आणि साडेसात मीटरवर ठेवलेला मायक्रोफोन ऐकतो. प्रवासी मोटारीसाठी आपल्याकडे 2005 पासून मर्यादा आहे ती 74 डेसिबल. त्या आकड्याच्या आत बसवूनच आपल्या हाती गाडी दिलेली असते.

आता ताकदीचा हिशेब. इंजिनाला ‘बॅक प्रेशर’ हवं असतं असं काही मेकॅनिक सांगतात, ते चूक. हवा असतो तो नळीतल्या वायूचा वेग, कारण वेगानं निघालेला एक लोट पुढच्याला मागून ओढून घेतो. गरजेपेक्षा जाड नळी टाकली की हा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरचा जोर उलट घटतो. शहरात गाडी चालवायची असते ती नेमकी याच कमी फेऱ्यांवर. स्विफ्टच्या 2021 सालच्या 1.2 लिटर इंजिनाची सुमारे 90 अश्वशक्ती मिळते ती 6000 फेऱ्यांना. टावर चौकाच्या गर्दीत सुई दोन हजारांच्या वर जायला जागा नसते. अशा इंजिनात केवळ मागचा डबा बदलून वाढ झालीच तर फार तर एखाद-दोन अश्वशक्तीची, तीही त्या वरच्या टोकाला. इंजिनाला अडवणाऱ्या खऱ्या जागा इतरत्र असतात: हवा आत घेण्याचा मार्ग, कन्व्हर्टर, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे इंधन व ठिणगीचं गणित सांभाळणाऱ्या संगणकातली मांडणी. ती न बदलता नळी बदलणं म्हणजे अर्धं काम. आणि त्यासाठी कोणी कन्व्हर्टरच काढला, तर बीएस-6 गाडीत त्याच्या पुढे-मागे बसवलेले ऑक्सिजन सेन्सर लगेच तक्रार करतात आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. काही डब्यांनी गाडीचं वजन चार-सहा किलोंनी कमी होतं, हे मान्य. तो फायदा शर्यतीत मोजला जातो, फ्रीगंजात मोजता येत नाही.

मग कान फसतो का? फसतो. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, आणि ‘पिकअप वाढला’ असं मनापासून सांगणारा तरुण खोटं बोलत नसतो. त्यानं घड्याळ लावून पाहिलेलं नसतं एवढंच. शिवाय बहुतेक मोटारींत या डब्यानं एका ठरावीक फेऱ्यांवर केबिनमध्ये घुमणारा बारीकसा गुंजारव सुरू होतो. हमरस्त्यावर तासभर तो ऐकला की डोकं दुखतं. अनेकजण त्यापायी वर्षभरात जुना सायलेन्सर परत बसवतात. हे दुकानात कोणी सांगत नाही.

माझ्या म्हणण्याचं खरं वजन मात्र बाहेरच्या माणसाच्या बाजूला आहे, आणि त्यासाठी डेसिबलची भाषा समजून घ्यायला हवी. ही मोजपट्टी सरळ चढत नाही. दर 10 डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. समजा 74 डेसिबलची गाडी डबा बदलून 94 वर गेली. आकडा फक्त वीसनं वाढला, पण शक्ती शंभरपट झाली. शंभर मूळ गाड्या एकाच वेळी जवळून गेल्या तर जेवढी शक्ती हवेत जाईल तेवढी ही एक गाडी टाकते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की 6 डेसिबल कमी होतात. म्हणजे मूळ गाडी साडेसात मीटरवर जेवढी ऐकू येत होती तेवढी ही पंचाहत्तर मीटरवर ऐकू येईल. आणि दहापट अंतर म्हणजे शंभरपट क्षेत्रफळ. त्यात किती घरं येतात, किती आजारी माणसं, किती दहावी-बारावीची मुलं, हे फ्रीगंजात राहणाऱ्यानं स्वतः मोजून पाहावं. शासकीय माधवनगर रुग्णालयही याच भागात आहे.

सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागासाठी 65 आणि 55, रुग्णालय-शाळा-न्यायालयांच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40 अशा मर्यादा आहेत. पण या मर्यादा सरासरीच्या आहेत. चार सेकंदांत निघून गेलेली गाडी तासांच्या सरासरीत दिसेनाशी होते. झोपलेल्या माणसाचं शरीर सरासरी काढत नाही. अचानक आलेल्या आवाजानं जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, गाढ झोपेतून माणूस वरच्या झोपेत ढकलला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 साली पश्चिम युरोपचा हिशेब मांडला तेव्हा वाहतुकीच्या आवाजापायी दर वर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षं वाया जातात असं निघालं. पॅरिसच्या आवाजाची नोंद ठेवणाऱ्या ब्रुईपारिफ या संस्थेचा अंदाज असा की सायलेन्सर बदललेली एकच स्कूटर रात्री शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली तर दहा हजार माणसं जागी होऊ शकतात. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवून आणि गच्चीवर झोपणाऱ्यांचं प्रमाण पाहता उज्जैनचा हिशेब पॅरिसपेक्षा सौम्य असायचं काही कारण नाही.

एवढं म्हणूनही मला या पोरांना गुन्हेगार ठरवायचं नाही. यंत्राच्या आवाजाची ओढ खरी असते. चांगलं इंजिन वरच्या फेऱ्यांना चढताना जो सूर धरतं त्यात सौंदर्य आहे, आणि ते ज्याला कळतं त्याला यंत्र कळायला लागलेलं असतं. स्टीलची नळी मापात वाकवून तिला स्वच्छ वेल्डिंग करणारा गॅरेजवाला हा कारागीर आहे. कॉलेजात न शिकवलेलं वायुगतिकीचं अर्धं ज्ञान त्याच्या हातात असतं. या हौसेला जागा हवी. ती जागा कोइंबतूरजवळच्या कारी ट्रॅकवर आहे, चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टईला आहे, ग्रेटर नोएडाला आहे. माळव्यात पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक जून 2021 मध्ये सुरू झाला, पण तो मुख्यतः कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. उज्जैन-इंदूरच्या तरुणाला महिन्यातून एक रविवार, माफक फी भरून, आपली गाडी मनसोक्त पळवता येईल अशी जागा मिळाली तर टावर चौकातली निम्मी गर्जना आपोआप तिकडे जाईल, असं मला वाटतं. ती देणं सरकारला अशक्य नाही.

कायद्याची उणीव मुळीच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करायला मनाई करतं, आणि के. जयचंद्र प्रकरणात जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही मनाई स्पष्ट शब्दांत उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम 190(2) खाली आवाजाचं मानक मोडणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवान्यावर गदा. आवाजाच्या बाबतीत मध्य प्रदेश सरकारची इच्छाशक्तीही आपण पाहिली आहे. डिसेंबर 2023 मध्ये शपथ घेतल्यावर मुख्यमंत्री मोहन यादव यांनी पहिलाच आदेश काढला तो मर्यादेबाहेरच्या भोंग्यांविरुद्ध, आणि ते उज्जैन दक्षिणचेच आमदार आहेत. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी 1985 साली आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हा हा विषय हसण्यावारी नेला जात होता. आज तशी स्थिती नाही.

तरी चौकातला आवाज कमी होत नाही, कारण कारवाई चुकीच्या टोकाला होते. पुण्यात, नागपुरात आणि इतर अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात. छायाचित्र चांगलं येतं. पण ज्या गॅरेजात तो डबा बसला ते त्या दिवशीही उघडं असतं, आणि आठवडाभरात तोच मुलगा तिथून दुसरा घेतो. कलम 182अ चं पहिलं पोटकलम इथे वापरलं पाहिजे. नियमबाह्य बदल करणाऱ्या वाहनविक्रेत्याला त्यात गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षापर्यंत कैद सांगितली आहे, आणि कायद्याच्या कलम 2(8) मधल्या व्याख्येनुसार वाहनदुरुस्तीचा धंदा करणाराही ‘विक्रेता’ या शब्दात मोडतो. उज्जैनच्या परिवहन खात्यानं हे कलम दोन-चार ठिकाणी जरी लावलं, तर वर्षभर रोलर फिरवून होणार नाही एवढं काम होईल.

दुसरी अडचण मोजण्याची. चौकातला शिपाई आज कानानं आणि डोळ्यानं ठरवतो. मग शांत पण चकचकीत डबा पकडला जातो आणि आतली जाळी काढलेला मूळ दिसणारा डबा सुटतो. 2017 पासून नव्या गाडीच्या फॉर्म 22 मध्ये तिच्या आवाजाचा आकडा लिहिलेला असतो, पण तो कागद घरच्या फाइलमध्ये पडून राहतो. युरोपात उभ्या गाडीचा, नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर मोजलेला आकडा नोंदणीच्या कागदावरच छापतात. म्हणून ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतानं 2020 च्या उन्हाळ्यात 95 डेसिबलच्या वर नोंद असलेल्या मोटारसायकली एका जिल्ह्यातल्या काही रस्त्यांवर बंद केल्या तेव्हा पोलिसांना वाद घालावा लागला नाही, कागद पाहिला की झालं. तसा आकडा आपल्या आरसीवर हवा. पीयूसी केंद्रात धूर तपासतात तिथेच आवाजही तपासला जावा. आज तो कोणी विचारतही नाही.

आणि चांगल्या मालाला कायदेशीर वाट हवी. युरोपात बदली सायलेन्सरसाठी स्वतंत्र नियम आहेत, मोटारींना संयुक्त राष्ट्रांचा नियम 59, दुचाकींना 92. ज्या डब्यानं मूळ आवाजाची मर्यादा पाळली त्यावर मान्यतेचा शिक्का पडतो आणि तो उघडपणे विकता येतो. पुण्याला एआरएआय आणि पीथमपूरला नॅट्रॅक्स असताना आपल्याला हे जमू नये असं काही नाही. असं झालं तर हौशी माणसाला हलका, देखणा, टिकाऊ डबा लपतछपत घ्यावा लागणार नाही आणि चांगल्या कारागिराला गुन्हेगारासारखं वागवलं जाणार नाही. सरसकट बंदी आणि सरसकट डोळेझाक यांत आज या दोघांचंही नुकसान होतं आहे. 2028 च्या सिंहस्थासाठी उज्जैनचे रस्ते आणि पूल नव्यानं बांधले जात आहेत. कोट्यवधी लोक येतील तेव्हा चौकाचौकांत आवाज मोजणारी यंत्रं त्याच खर्चात बसवता येतील.

शेवटची विनंती आपल्या घरांना, मग ती उज्जैनमधली असोत की पुण्या-कोल्हापुरातली. या डब्याचे पंधरा-वीस हजार रुपये बहुतेक वेळा आई-वडिलांच्या खिशातून जातात. मुलानं मागितले तर रागावू नका, त्याच्याबरोबर दुकानात जा. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: हा बसवल्यावर गाडीचा आवाज किती डेसिबल होईल ते बिलावर लिहून देता का? लिहून देत असेल तर विचार करा. देत नसेल तर पैसे देऊ नका.